सोवळ्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डबा आहे. डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाडू आले असतील, तर त्यांना परत पाठवा. माझ्या पोटात तांब्याची तार आहे. मी ट्रान्सफॉर्मर आहे. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, रुळांच्या बाजूला, लोखंडी टाक्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या भिंतीवर एका लाकडी फळीवर बसून मी हे सांगतो आहे. सध्या एकोणीसशे एकोणसाठ साल चालू आहे आणि माझं वय आठ आहे. तुमच्यात आठ म्हणजे लहान, आमच्यात आठ म्हणजे केस पांढरे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी फार जळका आहे. एखादा ट्रान्सफॉर्मर जळला की धूर निघतो, वास सुटतो, सगळे धावत येतात. माझं तसं नाही. मी धूर न काढता जळतो. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटातल्या लोखंडी पट्ट्यांतली गुणगुण वाढते. लोकांना वाटतं, डबा काम करतोय. खरं म्हणजे डबा कुरकुरत असतो.

मला ज्योतीरामनं बनवलं. ज्योतीराम आमच्या कारखान्याचा वायरमन. साताऱ्याकडचा, उंच, बोलायला तुटक. इथे येण्याआधी कुठल्याशा गावी त्यानं टाकीतून बाहेर काढलेला एक माणूस पाहिला होता. त्या माणसाच्या हातात भिंतीतल्या विजेवर चालणारा साधा दिवा होता आणि दिव्याची वायर एके ठिकाणी सोललेली होती. तो माणूस पुन्हा उठला नाही. ज्योतीराम ही गोष्ट कुणाला सांगत नसे. मला ती ठाऊक आहे, कारण माझी तार गुंडाळताना तो स्वतःशीच पुटपुटत होता.

टाकी म्हणजे चहूकडून लोखंड. आत शिरलेला माणूस घामानं भिजलेला असतो. त्याची पाठ लोखंडाला, गुडघे लोखंडाला. मोकळ्या जागेत जो करंट झटका देऊन सोडून देईल, तो टाकीत माणसाला धरून ठेवतो. म्हणून ज्योतीरामनं ठरवलं की टाकीत जाणारा दिवा चोवीस व्होल्टचाच असेल. भिंतीतली वीज दोनशे तीस व्होल्टची. ती माझ्याकडे येणार आणि माझ्याकडून दिव्याला फक्त चोवीस जाणार. घ्यायचं मोठं आणि द्यायचं लहान, असल्या कामाला कोण नावाजणार, तुम्हीच सांगा.

माझ्या पोटात दोन गुंडाळ्या आहेत. एक बारीक तारेची, शेकडो वेढ्यांची. ती भिंतीकडची. दुसरी जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. ती दिव्याकडची. दोघी एकाच लोखंडावर बसतात, पण एकमेकींना शिवत नाहीत. त्यांच्यामध्ये ज्योतीरामनं तेल पाजलेलं कापड घातलं, त्यावर जाड कागद, त्यावर पुन्हा कापड. एकीतली वीज तारेनं दुसरीत जातच नाही. लोखंडामार्फत नुसता निरोप जातो आणि दुसरी आपली आपण जागी होते.

मी तयार झालो त्या दिवशी चार माणसं बघायला जमली. कुणीतरी विचारलं, "दोन कशाला? एकीत भागत नाही?"

ज्योतीरामला घाई होती. तो म्हणाला, "ह्या दोघींचं सोवळं हाय. हिनं तिला शिवायचं न्हाई."

झालं! त्या दिवसापासून माझं नाव पडलं सोवळ्याचा डबा. लोक हसले, ज्योतीरामही हसला. त्या एका शब्दानं पुढे केवढा घोटाळा केला, तेच सांगायला मी बसलो आहे.

सुरुवातीची पाच वर्षं मी रोज कामावर होतो आणि रोज कुणाचा ना कुणाचा हेवा करत होतो. बरकत वेल्डरचं मशीन माझ्या शेजारी उभं असे. ते चालू झालं की निळ्या ठिणग्या उडत आणि पाहुणे लांबून बघत उभे राहत. माझ्याकडे बघत कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. हातदिव्याचा राग तर विचारूच नका. तो टाकीत गेला की लोक म्हणत, "काय झकास उजेड पडलाय!" अरे, उजेड कुणाच्या जिवावर? मी बाहेर चाळीस रत्तल वजनाचा धोंडा होऊन बसलेलो, आणि शाबासकी त्या टीचभर काचेला.

मला उचलायचं काम भैरूचं होतं. भैरू मारुंजीचा. जोडणी झाली की टाकीत शिरून आतली खपली आणि गंज हातोडीनं झोडून काढणं हे त्याचं काम. कारखान्यातलं सगळ्यात घामाचं काम तेच, आणि भैरू ते गाणं म्हणत करी. पण मला उचलताना त्याचं तोंड कडू होई. गावात त्याला पाणी मिळे ते वरून, ओंजळीत ओतून. भांड्याला हात लावायची सोय नव्हती. सोवळं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"चल रं सोवळ्या," तो मला काखेत मारताना म्हणे. "गावाकडनं सुटलो, तर हितं बी तूच म्होरं."

मला ते फार लागे. मी माणसांचं सोवळं कधी पाळलं नव्हतं. माझं सगळं सोवळं दोन तारांपुरतं होतं. पण बोलता येत नसलेल्यानं समजावायचं कसं?

दिव्याची वायर टाकीच्या तोंडाशी घासून घासून झिजे. होल्डरपाशी तर तिचं वरचं रबर बोटभर सोललं होतं आणि आतली तांब्याची तार दिसत होती. ज्योतीराम ओरडे, भैरू उद्या उद्या करी. ओल्या हातानं तो त्या उघड्या तारेला खुशाल धरी. कधी मुंग्या आल्या तर आल्या, एरवी काही नाही.

"ही वीज म्हंजी भाकड गाय," तो हसून सांगे. "लाथ बी मारत न्हाई."

मी रागावलो. पाच वर्षांत मी एकाही माणसाला लाथ मारली नव्हती, हीच माझी सगळी कमाई होती आणि हा माणूस तिची टिंगल करत होता. आज मात्र वाटतं, चूक माझ्याकडेही होती. माझ्या गरीब स्वभावानं त्याच्या मनातली भीती पार धुऊन टाकली होती. सोललेली वायर म्हणजे काही विशेष नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

टाकीच्या तोंडाशी भैरूची बायको शालनबाई असायच्या. पडलेली खपली घमेल्यात भरून बाहेर टाकणं हे त्यांचं काम. ज्योतीरामनं त्यांना एक गोष्ट पाठ करून घेतली होती. आतला ठोका ऐकत राहायचा. ठोका थांबला तर हाक मारायची. हाकेला ओ आली नाही, तर आत हात घालायचा नाही, माणसाला शिवायचं नाही. आधी भिंतीतली पिन उपटायची. शालनबाई हसत आणि म्हणत, "किती डाव सांगशीला, भाऊ?" तो तरीही दर सोमवारी सांगे.

मग छप्पन साली तो आला.

आमचे फोरमन दौलतराव मुंबईहून त्याला घेऊन आले. हिरवा रंग, वर चकचकीत मूठ, पुढे काटा हलणारं लहानसं मीटर. वजन पंधरा रत्तल! एका बोटावर उचलून भैरूनं त्याला सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या शेडमध्ये, मिरवलं. मी बसल्या जागी इतका गुणगुणलो की ज्योतीरामनं येऊन माझे बोल्ट आवळले.

दौलतराव वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. सांगावंसं वाटत नाही, पण सांगतो. जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांच्या पंगतीत बसत आणि भैरूला मुद्दाम आपल्या शेजारी बसवत. त्याच्या डब्यातली चटणी मागून खात. सोवळं-ओवळं हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

"हा बघा नव्या जमान्याचा ट्रान्सफॉर्मर," ते म्हणाले. "आत एकच कॉइल. त्यातूनच चोवीस व्होल्ट काढून घेतलेत. हलका, थंड, सुटसुटीत. ते सोवळं-बिवळं आता माझ्या शॉपमध्ये नको."

ज्योतीराम खाली बसून हिरव्या डब्याच्या जाळीतून आत बघत होता. तो म्हणाला, "साहेब, व्होल्ट चोवीस हायेत, खरं हाय. पर वरची वीज आन् दिव्याची वीज एकाच तारंवर हाय. पिन सुलटी हाय तवर ठीक. उलटी बसली, तर दिव्याच्या दोन्ही वायरी दोनशेच्या घरात जात्याल. दिवा तसाच जळंल, कुणाला कळणार बी न्हाई."

"मग उलटी बसवू नकोस."

"दोन काड्यांची पिन हाय, साहेब. दोन्हीकडनं बसती."

"ज्योतीराम, चोवीस व्होल्ट म्हणजे चोवीस व्होल्ट. मीटर बघ ना!"

मीटर चोवीसच दाखवत होतं. ज्योतीरामला शब्द सापडेनात. त्याच्याजवळ एकच शब्द होता, सोवळं, आणि तोच शब्द सगळ्यांनी पहिल्याच दिवशी हसण्यावारी नेला होता. शेवटी त्यानं लाल रंगाची डबी आणली. पिनेच्या एका अंगाला त्यानं लाल ठिपका दिला आणि सगळ्यांना बजावलं, "लाल वर. पिन लावताना लाल वर आला पायजे. ध्यानात ठिवा."

भैरूनं हिरव्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ज्योतीरामभाऊ, तुमच्या सोवळ्याला आता घरी बसू द्या. ह्यो आपला मानूस हाय. ह्याच्यात शिवाशिव न्हाई."

माझी रवानगी या फळीवर झाली. माझ्या डोक्यावर खिळ्यांचं खोकं ठेवलं गेलं. समोरच भिंतीजवळ, अगदी माझ्या नजरेपुढे, हिरवा बसू लागला. सकाळी भैरू त्याच्यावरची धूळ आपल्या गमज्यानं पुसे. माझ्यावरची धूळ कुणी पुसली असेल तर वाऱ्यानं. मी दिवसभर एकच मागणं मागत असे, की हा सगळ्यांदेखत बंद पडावा. भर कामात पडावा. दौलतरावांचं तोंड उतरावं, भैरूनं धावत माझ्याकडे यावं आणि म्हणावं, चुकलो रे बाबा. मत्सर असा असतो, मित्रांनो. त्यात आपण सोडून सगळ्यांची फजिती होते आणि कुणालाही लागत-खुपत नाही.

सहा महिने हिरवा नीट चालला. मग खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कामाची हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी सगळी यंत्रं घासूनपुसून ठेवली. बरकतच्या मशीनला झेंडूची माळ, हातोड्यांना हळदकुंकू, दारांना आंब्याचे टहाळे. हिरव्याची पिन भिंतीतून काढली आणि त्याला पाटावर बसवलं. त्याची पूजा भैरूनं स्वतः केली. तेलात कालवलेलं कुंकू त्यानं डब्याला लावलं, मुठीला लावलं, मग पिन हातात घेतली. एका अंगाला लाल ठिपका होता. त्यावर त्यानं हळदीनं भरलेलं बोट फिरवलं. मग पिन उलटी केली आणि कोऱ्या अंगावर ठसठशीत कुंकू लावलं.

"हिकडं बी लागू दे," तो म्हणाला. "रोज तीच तर आमाला उजेड देती."

माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी शालनबाई झाडायला आल्या, तेव्हा त्यांनी उरलेल्या कुंकवाचं बोट माझ्या झाकणाला पुसलं. ती पूजा होती की नुसतं बोट पुसणं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी आठला भोंगा झाला. ज्योतीराम आवारातल्या खांबावर चढून काहीतरी दुरुस्त करत होता. दौलतराव मोठ्या खुशीत होते. नवी टाकी त्याच आठवड्यात धाडायची होती. त्यांनी स्वतः पाटावरून हिरवा उचलला, भिंतीजवळ ठेवला आणि पिन हातात घेतली.

"लाल वर," ते मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी पिनेकडे पाहिलं. एका अंगाला वाळलेली पिवळी हळद होती, दुसऱ्या अंगाला लाल कुंकू. त्यांनी लाल अंग वर केलं आणि पिन दाबून बसवली.

मी फळीवरून हे सगळं पाहिलं. पूजाही पाहिली होती, ठिपका कुठे दडलाय तेही मला ठाऊक होतं. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. मला वाटलं, आता याची फजिती होणार. फजिती त्याची होणार नव्हती, आत जाणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतणार होतं, हे माझ्या जळक्या डोक्यात त्या क्षणी आलंच नाही.

दिवा लागला. नेहमीसारखाच लागला. मीटरनं चोवीस दाखवले. हिरवा शांत बसला होता आणि कुणालाही काही वेगळं दिसत नव्हतं. भैरूनं दिव्याची लाकडी मूठ धरली, दुसऱ्या हातात हातोडी घेतली आणि टाकीच्या तोंडातून आत उतरला. शालनबाई घमेलं घेऊन बाहेर बसल्या.

ठण, ठण, ठण. भैरूचं गाणं सुरू झालं. ऊन चढू लागलं तशी टाकी तापली. आतून त्याची हाक आली, "पानी आन गं थोडं." शालनबाईंनी तांब्या आत दिला. तो प्याला, उरलेलं पाणी त्यानं तोंडावर मारलं. पुन्हा ठण, ठण. मग त्यानं कोपऱ्यातली खपली बघायला दिवा जवळ ओढला असावा. नेहमीच्या सवयीनं, होल्डरपाशी, ओल्या हातानं.

ठोका थांबला.

गाणंही थांबलं. शालनबाईंनी मान वर केली. "अवो?" त्या म्हणाल्या. आतून ओ आली नाही. "अवो, ठोका का थांबला?"

त्यांनी आत वाकून पाहिलं. त्यांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांचा हात आत गेलेला मी पाहिला. नवऱ्याचा पाय त्यांच्या हातापासून वीतभर लांब असेल. कुठल्याही बाईनं तो पाय धरून ओढला असता. शालनबाईंचा हात तिथेच थबकला. त्यांनी तो मागे घेतला, घमेलं लाथाडलं आणि त्या भिंतीकडे धावल्या. दोन्ही हातांनी वायर धरून त्यांनी अशी ओढली की पिनेबरोबर भिंतीतला लाकडी गुटकाही उपटून आला.

मग त्या ओरडल्या. तसं ओरडणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छा नाही.

बरकत टाकीत उतरला. त्यानं आणि दौलतरावांनी मिळून भैरूला बाहेर काढलं. ज्योतीराम खांबावरून कसा उतरला कोण जाणे, धापा टाकत आला आणि त्यानं भैरूला पालथं घातलं. श्वास सुरू व्हावा म्हणून पाठीवर दोन्ही हात ठेवून तो दाब देऊ लागला. दाब द्यायचा, सोडायचा. पुन्हा द्यायचा, सोडायचा. सगळा कारखाना भोवती उभा होता. मी देवाकडे सहा महिने जे मागत होतो ते परत घ्यायला निघालो होतो. चालू दे तो हिरवा, म्हणत होतो. शंभर वर्षं चालू दे. मला भंगारात घाल, पण याला उठव.

बऱ्याच वेळानं भैरू खोकला.

शालनबाईंनी पुढे होऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या तळहातांना वायरीचे वळ उठले होते.

दौलतरावांनी जमिनीवर पडलेली पिन उचलली. नखानं त्यांनी हळदीची खपली काढली. खालून ज्योतीरामचा लाल ठिपका निघाला. दौलतरावांनी तो अंगठ्यानं चाचपून पाहिला. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. फक्त म्हणाले, "ज्योतीराम, तू सांगत होतास."

"मला नीट सांगता आलं न्हाई, साहेब," ज्योतीराम म्हणाला.

भैरू महिन्याभरानं कामावर आला. उजव्या तळव्यावर जळल्याची खूण होती आणि दोन बोटं वाकडी राहिली होती. ती अजूनही सरळ होत नाहीत. त्या दिवशी ज्योतीरामनं काम थांबवून सगळ्यांना बोलावलं. मला फळीवरून खाली घेतलं, हिरव्याला शेजारी ठेवलं आणि आम्हा दोघांचीही झाकणं उघडली. चारचौघांत पोट उघडं पडणं काही बरं नव्हे, पण मी गप्प राहिलो.

भैरू उकिडवा बसून बघत होता. हिरव्याच्या पोटात एकच तार, वरपासून खालपर्यंत. माझ्या पोटात दोन, आणि मध्ये ते कापड, तो कागद.

"ही हिला शिवतच न्हाई," भैरू म्हणाला. "मग वीज येती कशी?"

"लोखंडातनं येती. तारंनं न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "वरची वीज खाली यायला वाटच न्हाई. पिन उलटी लाव, सुलटी लाव."

भैरू आणखी पुढे सरकला. मग डाव्या हाताचं बोट त्यानं माझ्या दोन गुंडाळ्यांमधल्या कागदावर हळूच ठेवलं.

"आमच्याकडं भाताची खाचरं असत्यात," तो म्हणाला. "वरचं खाचर पान्यानं टंब भरल्यालं. खालच्यात कवळं रोप. मधी बांध असतो. खाली पानी पाझरतं, रोपाला लागंल तेवढंच. बांध न्हाई ठिवला, तर एक दिस वरचं समदं पानी खाली येतं आन् रोप घिऊन जातं." त्यानं हिरव्याकडे बोट दाखवलं. "ह्याला बांध न्हाई."

ज्योतीरामनं हातातलं झाकण खाली ठेवलं. "अगदी तसंच न्हाई," तो म्हणाला, "पर मला पाच वर्सांत हे सुचलं न्हाई."

"तुमी सोवळं म्हनलात, तितंच गडबड झाली, भाऊ. सोवळं मानसाला लांब ठिवतं. बांध रोपाला राखतो."

दौलतराव मागे उभे होते. त्यांनी लाल रंगाची डबी आणि कुंचला भैरूपुढे धरला. भैरू त्या वर्षी प्रौढांच्या वर्गाला जायला लागला होता. वाकड्या बोटांत कुंचला धरता येईना, म्हणून त्यानं डाव्या हातानं माझ्या झाकणावर अक्षरं काढली. "बांद." ध चा द झाला, पण कुणी दुरुस्त केला नाही आणि मीही कुणाला करू देणार नाही.

त्यानंतर कारखान्यात दोन नियम झाले. टाकीतल्या दिव्याची पिन तीन जाड काड्यांची, दुसऱ्या कुठल्याही भोकात न बसणारी, आणि भिंतीची पिन डब्यावरच्या त्या दिव्याच्या भोकात न बसणारी. रंगाच्या ठिपक्यावर पुन्हा कुणी भरवसा ठेवला नाही. दुसरा नियम भैरूनं स्वतः लावून घेतला. रोज सकाळी दिव्याची अख्खी वायर तो बोटांतून फिरवतो आणि जरा जरी सोललेली लागली तरी दिवा आत जात नाही. त्याच्या वाकड्या बोटांना ती जागा बरोबर सापडते.

हिरव्याचं काय झालं, विचारता? त्याच्या पोटातून आणखी चार तारा काढून ज्योतीरामनं त्याला दौलतरावांच्या खोलीतल्या पंख्याला जोडला. पंख्याचा वेग कमीजास्त करायला एक कॉइल पुरते. ते काम त्याला शोभतं, तो तिथे कुणाच्या जिवावर उठत नाही. आता तो दिवसभर पंख्याखाली बसून वारा खातो. आणि मला त्याचा हेवा वाटत नाही असं मी म्हणालो, तर विश्वास ठेवू नका.

गेल्या वर्षी ज्योतीरामनं माझ्यासारखाच, पण मोठा, तीन दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर बनवला. दोन गुंडाळ्या, मध्ये कापड, कागद, पुन्हा कापड. कारखाना वाढला, तीन तीन टाक्यांत एकदम काम चालतं, मी एकटा पुरत नाही. म्हणून मी पुन्हा या फळीवर आलो आहे. माझ्या डोक्यावर पुन्हा खिळ्यांचं खोकं आहे, तरी अक्षरांवर ते ठेवू नका एवढं शालनबाईंनी बजावून ठेवलंय.

मित्रांनो, तुमच्या घरी दाराची घंटा असेल, खेळण्यातली आगगाडी असेल, लहान विजेवर चालणारी कुठलीही वस्तू असेल. कुणी म्हणेल, यात काय, थोडेसे तर व्होल्ट आहेत. तेव्हा आकड्यावर भाळू नका. मोठ्या माणसांना विचारा, मोठी वीज आणि लहान वीज यांच्यामध्ये बांध आहे का? पिन उलटी बसली तर काय होईल? वायर कुठे सोललेली नाही ना? एवढं विचारायला लाजू नका. आणि आमच्यासारख्या गरीब विजेनं लाथ मारली नाही, म्हणून तिची भीती सोडू नका. लाथ का बसली नाही, ते आधी समजून घ्या.

माझ्यापुरतं सांगायचं, तर माझा स्वभाव काही सुटलेला नाही. आत्ता, हे सांगत असताना, समोरची टाकी उन्हात तापली आहे. नव्याचा दिवा घेऊन भैरू आत उतरला आहे आणि शालनबाई घमेलं घेऊन तोंडाशी बसल्या आहेत. नव्याचं आज दौलतरावांनी दोनदा कौतुक केलं. मी फळीवर बसून जळतो आहे. पण टाकीतून ठण, ठण, ठण येतंय, आणि दोन ठोक्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला, की मी जळायचं थांबवून कान टवकारतो. चाल रे बाबा, मी नव्याला म्हणतो. तू नीट चाल.

ठण.

हं. आता जळायला हरकत नाही.